ट्यूबलेस करा, पण घरी शिकून

पाऊस सरला की बांधावरचा सराटा वाळतो आणि त्याचे काटे पायवाटांवर विखुरतात. कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या त्यात भर घालतात. अशा वाटांवर रुंद टायरची सायकल चालवणाऱ्याने ट्यूबलेसला चैन समजू नये. मात्र ते काम घरी, स्वतः शिकूनच करावं, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण सीलंट. टायरमध्ये ट्यूबऐवजी लॅटेक्सचं पातळ द्रावण असतं. काटा घुसला की हवेच्या जोराने ते भोकात शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. पण काहीही न घुसता ते हळूहळू सुकतही असतं. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांनी ते तपासून भर घालावी लागते. त्यासाठी दर वेळी दुकान गाठणारा लवकरच टाळाटाळ करू लागतो, आणि सीलंट सुकलेला टायर साध्या काट्यालाही बसतो.

सुरुवात रिमपासून करा. माविक या फ्रेंच कंपनीने १९९९ मध्ये यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली. टायरची कड, म्हणजे बीड, पक्की धरून ठेवणारी रिम हा तिचा पाया होता. आजही रिम आणि टायर दोन्ही ‘ट्यूबलेस रेडी’ असतील तरच पुढे जा. साध्या रिमवर टेप गुंडाळून भागवू नका. वळणावर टायर निसटला तर वाचलेल्या पैशांचा काही उपयोग नसतो.

बाकीचं काम संयमाचं आहे. रिम आतून स्पिरिटने पुसा. आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिलिमीटर रुंद टेप ताणून लावा. एक सुरकुती राहिली तरी स्पोकच्या भोकांतून हवा पळते. मग टायरमध्ये ट्यूब घालून रात्रभर हवा भरून ठेवा, म्हणजे टेप दाबली जाते. सकाळी एकच कड सोडवून ट्यूब काढा, ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवा आणि त्याचा नट हातानेच आवळा. कडांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा कोअर काढा आणि जोरात पंप मारा. फटाफट आवाज आला की बीड बसली. नंतर सिरिंजने सीलंट सोडा आणि कोअर परत बसवा. २९ इंची, सव्वादोन इंच रुंद टायरला साधारण १०० मिली लागतं. चाक फिरवा आणि दोन्ही अंगांवर आलटून-पालटून आडवं ठेवा. हवा भरताना रिम आणि टायरवरच्या कमाल दाबांपैकी लहान आकडा पाळा.

रोज डांबरी रस्त्याने कामावर जाणाऱ्याला हा खटाटोप गरजेचा नाही. त्याला ट्यूब आणि पॅच पुरेसे आहेत. आडवाटेने जाणाऱ्याने मात्र ट्यूबलेस असूनही एक ट्यूब जवळ ठेवावी. टायर चिरला तर सीलंट हतबल ठरतं. तेव्हा ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा आणि रुतलेला प्रत्येक काटा उपटा. सीलंटने इतके दिवस झाकलेले काटे नव्या ट्यूबला लगेच फोडतात.