चाळिशी, मोतीबिंदू आणि फोरसाइट

तंजावरकडच्या माझ्या सासुरवाडीत एक जुनी रायफल आहे आणि तिच्याहून थोडे लहान असे एक मामा आहेत. बायकोचे मामा. ओरत्तनाडच्या बाजूला त्यांची भातशेती. कावेरीच्या खोऱ्यात अशा जमीनवाल्याला अजूनही मिरासदार म्हणतात. तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र, म्हणजे धर्मशाळा, याच ओरत्तनाडला. मामा घरात तंजावरी मराठी बोलतात आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ.

रायफल बीएसएची, पॉइंट टू टू, मार्टिनी बनावटीची. खालचा लिव्हर ओढायचा, काडतूस सरकवायचं, लिव्हर मिटायचा. एका वेळी एकच गोळी. बोअर युद्धात इंग्रज सैनिकांची नेमबाजी उघडी पडली. मग लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी गावोगावी छोट्या रायफलींचे क्लब काढावेत म्हणून जोर लावला आणि बर्मिंगहॅमच्या बीएसएने असल्या रायफली भरपूर बनवल्या. त्यातलीच एक मामांच्या वडिलांनी स्वातंत्र्यापूर्वी घेतली. तेव्हा शेतात कोल्हे होते, पाणथळीत बदकं होती. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि रायफलीपुढे कागदाचं टार्गेट तेवढं उरलं. माझ्या मते हे तिचं भाग्य. मामा अधूनमधून तिरुच्चिरापल्लीच्या रेंजवर जातात, आडवे पडून गोळ्या मारतात आणि टार्गेटचा कागद घडी करून घरी आणतात.

सत्तरी ओलांडल्यावर त्या कागदांवरचं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, फाकायला लागलं. हात स्थिर, श्वास ताब्यात, चाप ओढायची पद्धत तीच. घरच्यांनी सुचवलं, वर दुर्बीण बसवा. मामा म्हणाले, दुर्बिणीतूनच बघायचं तर मी गच्चीवरून चंद्र बघेन. हट्टीपणा म्हणा, पण मला तो पटतो. उघड्या साइटवर जन्म काढलेल्या माणसाला दुर्बीण लावली की खेळच बदलतो.

बिघाड कुठे होता ते सांगतो. नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: डोळ्याजवळची बॅकसाइट, नळीच्या टोकाची फोरसाइट आणि लांबचं टार्गेट. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. तरुणपणी डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं, की तीन अंतरांवर भराभर ये-जा करून ते तिन्ही एकदम दिसल्याचा भास देतं. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात बारा-चौदा डायॉप्टरची लवचीकता असते, चाळिशीत चार-पाचाची, साठीनंतर जेमतेम एकाची. पेपर हात लांब करून वाचायला लागतो ती चाळिशी आपण ओळखतो. नेमबाजाला ती वेगळ्या रूपात भेटते. टार्गेट लख्ख दिसतं आणि फोरसाइटचं टोक मात्र केसाळ सुरवंट होऊन बसतं.

आणि डोळा सहजच लख्ख दिसणाऱ्या गोष्टीमागे जातो. इथेच ग्रुपिंग फाकतं. कोल्हापुरात एनसीसीच्या रेंजवर आमचे उस्ताद आडव्या पडलेल्या पोरांच्या पायांवर काठी टेकवून ओरडायचे, फोरसाइट बघ, टार्गेट पळून जात नाही. कारण साधं आहे. टार्गेट धूसर दिसलं तरी गोल काळ्या ठिपक्याचा मध्य डोळा बऱ्यापैकी काढतो. फोरसाइट मात्र अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी पन्नास मीटरवर गोळी तीन-चार सेंटिमीटर बाजूला जाते. तिथल्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ एका सेंटिमीटरहून किंचितच मोठं असतं.

मामांनी चष्मा करून घेतला. दुकानदाराने वय विचारलं आणि महागडा प्रोग्रेसिव्ह गळ्यात मारला. वरून लांबचं, खालून जवळचं, मधे सगळं. लग्नकार्यात छान. रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकला की मात्र माणूस चष्म्याच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो आणि प्रोग्रेसिव्ह काच नेमकी कडेलाच वेडीवाकडी असते. मग त्यांनी वाचायचा चष्मा लावून पाहिला. तो अडीच नंबरचा, म्हणजे चाळीस सेंटिमीटरसाठी. फोरसाइटही धूसर, टार्गेट तर गायबच.

लागतं ते याच्या मधलं. डोळ्यापासून फोरसाइट मीटरभर लांब असेल तर फक्त तिच्यासाठी लांबच्या नंबरात साधारण +1 मिळवावा लागेल. तेवढा मिळवला की टार्गेट फारच पुसट होतं. म्हणून जाणकार निम्म्यावर थांबतात: लांबचा नंबर, त्यात +0.50, एकाच नंबरची काच, आणि काचेचा मध्य नेम धरताना डोळा जिथे येतो तिथे. सिलिंडर नंबर असेल तर तोही त्यात हवा. मामांनी सुतळीने अंतर मोजलं, तंजावरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी ते ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि साध्या फ्रेममध्ये काच करून मिळाली.

दुसरा इलाज बॅकसाइटला बारीक भोक असलेली चकती बसवण्याचा. सुमारे मिलिमीटरभराच्या भोकातून बघितलं की जवळचं-लांबचं दोन्ही सुधारतं. डोळ्याची बाहुली उन्हात बारीक होते तेव्हाही हेच घडतं. म्हणून त्रिभुज प्रदेशातल्या भर दुपारी मामांचे गुण वाढतात आणि ढग आले की उतरतात. भोक फार बारीक केलं तर अंधारतं, तेवढं जपायचं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच तत्त्वाच्या साइटमधून बघत होता. फरक इतकाच, की त्याला ती अचूकतेसाठी हवी आणि मामांना आधारासाठी.

डोळ्यांची काळजी तंजावरला नवी नाही. 1798 ते 1832 राज्य केलेल्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि इंग्रज डॉक्टर एका छताखाली काम करत. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून ठेवलेली टिपणं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. राजे स्वतः शस्त्रक्रिया करत असं काही अभ्यासक मानतात. त्या काळी मोतीबिंदू सुईने आत ढकलत. उजेड परत यायचा, पण भिंग गेलेलं असायचं; जाड काचेशिवाय काही धड दिसत नसे. त्या माणसाला फोरसाइट कुठली दिसायला?

आज ती दिसते याचं श्रेय काही अंशी लढाऊ विमानांना आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉकपिटच्या ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्यांनी ते निमूट सोसले. हे पाहून लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी 1949 मध्ये त्याच जातीच्या पदार्थाचं भिंग डोळ्यात बसवलं. पुढे मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने 1992 मध्ये ऑरोलॅब काढून अशी भिंगं गरिबांच्या आवाक्यात आणली. मामांचा मोतीबिंदूही आता पिकत आलाय. त्यांना मी एकच सांगितलं: शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना रायफलीचं सांगा. एकाच अंतराचं साधं भिंग घ्या, वर तोच +0.50 चा चष्मा. सगळ्या अंतरांवर दाखवणारी महागडी भिंगं उजेड वाटून घेतात, कडा मऊ करतात आणि दिव्याभोवती वलयं दाखवतात. नेमबाजाला कडाच तर हवी असते.

वयाचं म्हणाल तर स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी 1920 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं तेव्हा ते 72 वर्षांचे होते. उत्तर प्रदेशातल्या जोहडीच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी उलटल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हाती धरलं. थांबायची वेळ गुणांवरून ठरवू नये. टार्गेटच्या मागे काय आहे, शेजारच्या लेनमध्ये कोण उठलंय, हे ज्या दिवशी खात्रीने दिसणार नाही, त्या दिवशी रायफल पेटीत गेली पाहिजे. मामांना हे मान्य आहे. त्यांची सून मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही, आणि मी सुनेच्या बाजूचा.

तुमच्याही घरात कुणी पंचाहत्तरीचा नेमबाज असेल, किंवा सतार वाजवणारा, घड्याळं दुरुस्त करणारा, तर त्याला नुसतं वय सांगून चष्मा आणू देऊ नका. त्याच्या डोळ्यापासून त्याच्या कामापर्यंतचं अंतर सुतळीने मोजा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे पाठवा.