बैलास लस, लेकरास अंगारा

आमच्या अहमदपूर तालुक्यांतील शेतकरी बैलाच्या बाबतींत मोठा शहाणा. मिरगाआधीं फऱ्या-घटसर्पाची लस तो आठवणीनें टोचून घेतो. २०२२ सालीं लम्पीची साथ राज्यभर पसरली, तेव्हां बैलास ताप येईल म्हणून सुई नको, असें म्हणणारा विरळाच. मग त्याच घरांतल्या तान्ह्या पोराची लस ‘मागल्या सुईनें ताप आला’ एवढ्यावरून कां राहते? (पोरांनाही घटसर्प होतो. नांव एक, रोग वेगळा. पण गळा आवळून जीव घेणारा.)

आईनें प्रश्न विचारूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. लेकरूं तिचें आहे. सुई टोचणाऱ्या बाईनें तिच्यावर डाफरूं नये, उत्तर द्यावें. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या सुयांनंतर अंग तापतें, मांडी सुजते, पोर किरकिरतें. लसीवाटे शरीर रोगाशीं झुंज शिकतें, त्या तालमीचा हा ताप. एकदोन दिवसांत उतरतो. नर्सबाई सांगेल तेवढेंच औषध द्यावें. सुजेवर हळद-तेल लावूं नये. ताप हटेना, झटके आले किंवा पोर मलूल पडलें, तर मात्र तडक दवाखाना गांठावा. क्षयाच्या लसीनें दंडावर फोड येऊन वण राहतो, तो राहूं द्यावा. साधी सर्दी-पडसें असलें तरी सुई घेतां येते.

विश्वास उडतो तो नुसत्या अडाणीपणानें नव्हे. ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांत १२ बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजीं सॅनिटायझर पाजलें गेलें. पोरें वांचलीं, पण असली हयगय गरिबाच्याच पोरांच्या वांट्यास कां यावी, हें आरोग्य खात्यानें सांगावें. तरी बाटली चुकली म्हणून थेंब खोटे ठरत नाहींत. मूळ पोलिओचा या देशांतला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें सांपडला, तो याच थेंबांमुळें.

लिंबाचा पाला बांधून देवीची मनधरणी करणाऱ्या घरांतलीं किती पोरें मेलीं, किती आंधळीं झालीं! सुईनें १९७५ सालीं तो रोग देशांतून घालविला. गोवर मात्र अजून आहे, आणि त्यालाही अंगारा लावणारीं घरें आहेत. गोवरामागून न्यूमोनिया येतो, हगवण लागते, डोळे जातात. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडींत त्यानें बालकें नेलीं. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेलीं पुष्कळ होतीं. त्याच्या सुया दोन: एक नवव्या महिन्यानंतर, दुसरी दीड वर्षाच्या सुमारास.

पण आमच्या भागाचें मोठें दुखणें निराळेंच आहे. दसरा-दिवाळीला बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांतून ऊसतोडीचीं बिऱ्हाडें कारखान्यांकडे निघतात. श्रावणांत जन्मलेल्या पोराची तिसरी सुई ऐन फडावर येते. फाल्गुनांत जन्मलेल्याची गोवराची सुई मार्गशीर्षांत. त्या वेळीं आई कोपींत, आणि तिचें नांव गांवच्या वहींत! बिऱ्हाड परतेपर्यंत उन्हाळा लागतो, आणि ‘आतां उशीर झाला’ म्हणून राहिलेली सुई कायमची राहते.

तर बांधवांनो, लस गांवाला बांधलेली नाहीं. ज्या मुलखांत फड पडेल तेथील सरकारी केंद्रांत ती फुकट मिळते. कार्ड जवळ ठेवा. हरवलें तरी जा. एखादी सुई चुकली तर पहिल्यापासून आरंभ नसतो, पुढची घ्यावयाची. गोवराची राहिली असेल तर पांच वर्षें पुरीं होईपर्यंत मिळते.

उचल घेतांनाच मुकादमास बजावा कीं, सुईच्या दिवसाचा खाडा आईच्या माथीं मारतां येणार नाहीं. कारखान्यांस उसाच्या प्रत्येक गाडीचें वजन लिहितां येतें. गाळप सुरू होतांच कोप्यांतील पांच वर्षांखालच्या पोरांची यादी जवळच्या आरोग्य केंद्रास धाडणें त्यांना जड जाऊं नये. आणि दसऱ्याआधीं, बैलांचीं शिंगें रंगविण्याच्या गडबडींत, प्रत्येक बापानें उपकेंद्रांत जाऊन पोराच्या पुढच्या सुयांच्या तारखा कार्डावर लिहून आणाव्यात.