जुन्या मैत्रीची वाक्यं आधी शिका

कोणतीही नवी भाषा शिकायला घ्या, पहिला धडा ठरलेला असतो. तुझं नाव काय? तू कुठे राहतोस? तू काय करतोस? मी तालिनमध्ये आयटीत काम करतो आणि एस्टोनियन भाषा शिकतो आहे. तिथेही पहिला धडा हाच होता. ही वाक्यं उपयोगी आहेत, पण ती अनोळखी माणसासाठी आहेत. आपण दिवसभर बोलतो ते मात्र बहुतेक ओळखीच्या माणसांशी, आणि त्यांच्याविषयीच. म्हणून माझं मत असं आहे की, जुन्या मैत्रीबद्दल कसं बोलायचं हे भाषेच्या वर्गात अगदी सुरुवातीला शिकवायला हवं. मराठीच्या वर्गातही.

एस्टोनिया हा युरोपातला छोटा देश आहे. लोकसंख्या सुमारे १३ लाख. एकट्या पुण्यात याहून कितीतरी जास्त लोक राहतात. पण मैत्रीच्या बाबतीत ही भाषा फार नेमकी आहे. मित्राला तिथे ‘सोबर’ म्हणतात. (यातला ‘ओ’ ओठ गोल न करता म्हणून पाहा!) आपल्या ‘सोबत’ या शब्दाशी त्याचं काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला सोपं जातं. नुकतीच ओळख झालेला माणूस मात्र सहसा ‘तुत्तव’ असतो, म्हणजे ओळखीचा. वर्गातला मुलगा ‘क्लासिवेंद’. यातल्या ‘वेंद’चा अर्थ भाऊ. शाळेत बाकावर शेजारी बसणारा तो ‘पिंगिनाबर’, म्हणजे बाकावरचा शेजारी. आणि लहानपणापासूनचा मित्र असेल तर ‘लाप्सेपोल्वेसोबर’. शब्द लांब आहे, पण मैत्रीही तेवढीच लांब आहे ना!

मराठीतही असे शब्द आहेत. ओळखीचा, वर्गमित्र, मैत्रीण, बालमित्र, जिवलग, लंगोटीयार. तुमच्यापैकी बरेच जण या सगळ्यांसाठी ‘फ्रेंड’ हा एकच शब्द वापरतात. त्यात चूक काही नाही. पण काल बसमध्ये भेटलेला मुलगा आणि बालवाडीपासूनची मैत्रीण, दोघंही ‘फ्रेंड’ झाले, की ऐकणाऱ्याला फरक कसा कळणार?

आता व्याकरण पाहू. घाबरू नका, एकच वाक्य आहे. इंग्रजीत जुन्या मित्राबद्दल सांगताना ‘हॅव नोन’ असं म्हणतात. मग काही मुलं मराठीत म्हणतात, “मी त्याला दहा वर्षं ओळखलं आहे.” मराठीत असं म्हणत नाहीत. “मी त्याला ओळखलं” म्हणजे गर्दीत तो दिसला आणि हा कोण ते मला कळलं. एका क्षणाचं काम. जुन्या मित्राबद्दल आपण म्हणतो, “मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो.” ओळखतो! वर्तमानकाळ. एस्टोनियनमध्येही अगदी असंच आहे. “ओलेमे सोब्राद लाप्सेस्त साती,” म्हणजे “आम्ही लहानपणापासून मित्र आहोत.” इतक्या दूरच्या दोन भाषा, पण मैत्री सुरू असेल तर दोघीही तिला वर्तमानकाळातच ठेवतात. मला ही गोष्ट फार आवडते.

तिसरी गोष्ट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. एस्टोनियनमध्ये ‘सिना’ म्हणजे तू आणि ‘तेइए’ म्हणजे तुम्ही. आपल्यासारखंच ‘तेइए’ हे अनेकांसाठी आणि आदरासाठीही चालतं. दोन माणसं ‘तेइए’ सोडून ‘सिना’वर आली, की त्या नात्याला ‘सिनासोप्रुस’ म्हणतात. सोप्रुस म्हणजे मैत्री. म्हणजे ही झाली ‘तू म्हणण्याची मैत्री’! त्यासाठी पेले उंचावायचीही पद्धत आहे. आपल्याकडे पेले उंचावत नाहीत, पण “आमचं अगदी अरे-तुरेचं नातं आहे” असं म्हटलं, की सगळं कळतं.

तुम्ही म्हणाल, “दादा, माझे सगळे मित्र इंग्रजी बोलतात. मग मला हे कशाला?” प्रश्न बरोबर आहे. तुमच्या मित्रांशी तुम्ही इंग्रजीतच बोला. पण मराठीत जुनी मैत्री कोणाची आहे? तुमच्या आजीची, आजोबांची, आई-बाबांची. भारतातून फोन येतो, आजोबा एकदम मोठ्याने हसतात आणि समोरच्याला ‘अरे गाढवा’ म्हणतात. एरवी सगळ्यांना अहो-जाहो करणारे आजोबा! तो माणूस कोण, हे तुम्हाला मराठीतूनच नीट कळेल. ‘तू’ आणि ‘तुम्ही’मधला फरक इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये दिसत नाही.

एस्टोनियन लोकांना याची किंमत चांगली माहीत आहे. १९४४ साली सोव्हिएत सैन्य पुन्हा त्यांच्या देशात आलं, तेव्हा हजारो लोक समुद्र ओलांडून पळाले. काही स्वीडनमध्ये राहिले, काही पुढे कॅनडा आणि अमेरिकेत गेले. शाळेतले, गल्लीतले मित्र मागे राहिले. बरीच वर्षं मोकळेपणाने भेटणं शक्य नव्हतं. देश पुन्हा स्वतंत्र झाला तो १९९१ मध्ये. मधल्या काळात परदेशातल्या एस्टोनियन लोकांनी आपल्या मुलांसाठी शाळा चालवल्या, आपल्या या शाळेसारख्याच. त्यामुळे तिकडे जन्मलेली मुलंही आई-वडिलांच्या जुन्या मित्रांशी त्यांच्या भाषेत बोलू शकली. भाषा गेली असती, तर त्या मुलांसाठी ती माणसं फक्त जुन्या फोटोतले चेहरे राहिली असती.

एस्टोनियनमध्ये एक म्हण आहे, “सोप्रा तुंताक्से हॅदास.” मित्राची ओळख संकटात पटते. खरं आहे. पण संकटाची वाट कशाला पाहायची? या आठवड्यात घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा, “तुमचा सगळ्यात जुना मित्र कोण? तुम्ही एकमेकांना कधीपासून ओळखता?” मग शांतपणे ऐका. कळला नाही तो शब्द लिहून ठेवा. पुढच्या वर्गात त्या मित्राबद्दल पाच वाक्यं सांगा. ‘माझं नाव अमुक’ हे वाक्य त्या दिवशी नको. ते तुम्हाला केव्हाच येतं.