अभिजात म्हणजे .३०८ नव्हे!

दोन गोष्टींवरून माणसं एकमेकांची कायमची वैरी होऊ शकतात. एक, वडिलोपार्जित जमीन. आणि दुसरी, बंदुकीचं कॅलिबर. पहिल्या भांडणात निदान वकिलाचं तरी भलं होतं, दुसऱ्यात कुणाचंच होत नाही. तरीही मी त्यात पडणार आहे. आजवर माझ्या हातात आलेलं सर्वांत घातक शस्त्र म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल, याची आठवण आमच्या घरात मला वरचेवर करून दिली जाते. पण क्रिकेटवर बोलायला बॅट धरता यावी लागते असा नियम झाला, तर उद्यापासून या देशात भयाण शांतता पसरेल.

तर विषय असा. अमेरिकेतली रेमिंग्टन ही बंदुका करणारी कंपनी १८१६ सालची, म्हणजे आपल्याकडे दुसरे बाजीराव नांदत होते तेव्हाची. तिने १९६२ साली ‘मॉडेल ७००’ नावाची बोल्ट ॲक्शन रायफल काढली. बोल्ट म्हणजे आपल्या दाराची कडी. वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर. पुढे ढकलायची, भरलेलं आत. खाली दाबली की दार बंद. इतकी साधी, सरळ, सोज्ज्वळ वस्तू. पण साठ-सत्तरच्या दशकात तिकडच्या लोकांना काय झालं कोण जाणे! रायफलच्या दस्त्यावर आरशासारखं पॉलिश, गालाशी उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आणि जोडाजोडाला प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या. वरातीतल्या बँडमास्तरच्या कोटावरसुद्धा इतकी कलाकुसर नसते. हरणाने गोळी लागायच्या आधी हसून मरावं, अशी योजना असावी.

याला कंटाळलेले काही सभ्य लोक तिकडेही होते. त्यांच्यासाठी रेमिंग्टनने १९८१ सालापासून ‘क्लासिक’ नावाची मर्यादित मालिका सुरू केली. अक्रोडाचा सरळ दस्ता, मंद झिलई, उंचवटा नाही, पांढऱ्या पट्ट्या नाहीत. आणि मुख्य गंमत म्हणजे दर वर्षी एकच कॅलिबर. ते वर्ष संपलं की ते कॅलिबर संपलं. दिवाळी अंकासारखं! हवा असेल तर वेळेत घ्या, नाहीतर पुढे रद्दीवाल्याकडे शोधत बसा. हा क्रम १९८१ ते २००५ असा पंचवीस वर्षं चालला.

कल्पना बावनकशी होती. माझं भांडण आहे ते कॅलिबरच्या निवडीशी.

पहिली चार वर्षं पाहा. १९८१ ला ७×५७ माउझर, १९८२ ला .२५७ रॉबर्ट्स, १९८३ ला .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, १९८४ ला .२५० सॅव्हेज. वा! ही यादी करणारा माणूस मला भेटला असता तर मी त्याला घरी जेवायला बोलावलं असतं. कारण ही चारही घरंदाज काडतुसं नव्या सुनांनी माजघरात बसवलेली. .२५० सॅव्हेज १९१५ चं आणि .२५७ रॉबर्ट्स कारखान्यातून निघालं १९३४ साली, १९५५ मध्ये.२४३ विंचेस्टर आलं आणि या दोघांकडे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. .३०० हॉलंड १९२५ चं, लांब, निमुळतं, कडीबरोबर लोण्यासारखं सरकणारं, १९६३ च्या.३०० विंचेस्टर मॅग्नमने त्याला घराबाहेर काढलं. ७×५७ तर १८९० च्या दशकातलं. जुन्या माउझर बंदुका अजून वापरात आहेत, त्यांना जोर झेपायचा नाही, म्हणून अमेरिकन कारखाने ते काडतूस मुद्दाम मवाळ भरत. आणि मग तेच लोक म्हणत, ‘यात काही दम नाही!’ सुनेने आजोबांना पेज वाढायची आणि वर आजोबा अशक्त झाले म्हणायचं, त्यातला प्रकार.

हे ७×५७ आपल्याला अगदीच परकं नाही. लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच काडतूस इंग्रजी बारसं करून .२७५ रिग्बी म्हणून विकलं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलं. चारशे छत्तीस बळी तिच्या नावावर होते. तेव्हा त्याला जी रायफल भेट मिळाली ती याच .२७५ ची. म्हणजे कॉर्बेटची गोष्ट वाचताना पांघरूण डोक्यावर ओढून घेणाऱ्या आपल्या पिढ्यांचा या काडतुसाशी रात्रीचा का होईना, संबंध आलेला आहे.

आता बारशाचा विषय निघालाच आहे, तर या आकड्यांविषयी चार शब्द. नळीच्या आत आटे असतात. त्यांच्या उंचवट्यांमधून मोजलं तर एक व्यास येतो, खाचांमधून मोजलं तर जरा मोठा. नाव कुठल्या मापावरून ठेवायचं याला धरबंध नाही. त्यामुळे .२७५ रिग्बीची गोळी प्रत्यक्षात .२८४ इंचाची, .२८० रेमिंग्टनची गोळीही .२८४ चीच, .२७० विंचेस्टरची .२७७ आणि .२५० सॅव्हेजची .२५७. .२२० स्विफ्ट, .२२१ फायरबॉल, .२२२ रेमिंग्टन आणि .२२३ रेमिंग्टन ही चार वेगवेगळी काडतुसं; चौघांची गोळी एकाच मापाची, .२२४! म्हणजे जो आकडा खरा, तोच तेवढा कुणाच्या वाट्याला आला नाही. ते .२८० रेमिंग्टन तर १९५७ साली जन्मलं, १९७९ मध्ये त्याचं नाव बदलून ‘सेव्हन एमएम एक्स्प्रेस’ केलं, लोकांचा गोंधळ उडाला, म्हणून दोन वर्षांनी पुन्हा .२८०. आपल्याकडे रस्त्यांचीसुद्धा नावं इतक्या लवकर मागे घेत नाहीत.

आकड्यांच्या या खेळात साहेबाचं सरकारही फसलं होतं. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना खाद्य मिळू नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आली. बंदूकवाल्यांनी काय केलं? .४६५, .४७० आणि .४७५ बाजारात आणले. बंदी आकड्यावर होती, हत्तीच्या शिकारीवर नव्हती! पुढे आपल्याच सरकारच्या इशापूरच्या कारखान्याने साध्या नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल काढली, कारण .३०३ फौजेची. कायद्याला डोळे नसतात म्हणतात, पण आकडे तेवढे वाचता येतात.

असो. क्लासिकच्या यादीकडे वळू. १९८५ ला .३५० रेमिंग्टन मॅग्नम, १९८६ ला .२६४ विंचेस्टर मॅग्नम, १९८७ ला .३३८ विंचेस्टर मॅग्नम. इथे माझी आणि आमच्या धाकट्या मेहुण्यांची जुंपते. हे पेनसिल्व्हेनियात असतात, दर हिवाळ्यात हरणामागे रानात जातात आणि मॅग्नम या शब्दावर त्यांची सत्यनारायणाइतकी श्रद्धा आहे.

“दाजी, मोठी गोळी केव्हाही बरी. चुकून कुठे लागली तरी काम होतं,” ते म्हणतात.

“अरे, पण चुकून लागते कशामुळे? तुझ्या त्या तोफेचा धक्का खांद्याला बसणार, हे खांद्याला आधीच माहीत असतं. चाप ओढायच्या आधीच तू डोळे मिटतोस.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी चालवलीय?”

“इंजेक्शन घेताना मी कुठे सुई चालवतो? तरी दंड आखडतोच ना!”

यात विनोदाचा भाग सोडला, तर मुद्दा जिवाचा आहे. हरीण मरतं ते गोळी जिथे लागायला हवी तिथे लागली म्हणून, काडतूस लठ्ठ होतं म्हणून नव्हे. ‘कारामोजो’ बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती मारले ते याच .२७५ ने. त्यात अभिमान वाटावा असं काही नाही, पण नेम आणि शरीररचनेचं ज्ञान काय करतं ते त्यातून कळतं. ज्याला धक्का सोसत नाही त्याने मॅग्नम उचलायची आणि पोटात गोळी घेतलेलं जनावर रात्रभर झुडपात तडफडायचं, ही मर्दुमकी नव्हे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हा प्रश्नच निकालात काढला. जिथे शिकार चालते, तिथे निदान ती सभ्यपणे व्हावी. सौम्य काडतुसाचा पुरस्कार मी करतो तो त्या हरणाचा वकील म्हणून. फी न घेता.

मधल्या वर्षांत यादी पुन्हा रुळावर आली. १९८८ ला .३५ व्हेलन, १९९४ ला ६.५×५५ स्वीडिश, १९९६ ला .३७५ हॉलंड अँड हॉलंड. मग २००० साल उजाडलं आणि क्लासिकमध्ये आलं .२२३ रेमिंग्टन! म्हणजे एम-सोळा या फौजी बंदुकीत जातं त्याचं सख्खं भावंड. २००१ ला ७ एमएम-०८, वय वर्षं एकवीस. आणि २००५ साली समारोपाला काय, तर .३०८ विंचेस्टर. जे अमेरिकेत खेड्यातल्या दुकानातही बिस्किटाच्या पुड्याशेजारी मिळावं. केळीचं पान मांडलं, रांगोळी घातली, उदबत्ती लावली, आणि पानात वाढला ब्रेड-बटर!

मेहुणे म्हणतात, “कंपनीला खपतं तेच करावं लागतं.” मान्य. पण खपणाऱ्या मालासाठी साधी मॉडेल ७०० होतीच की, बारा महिने, तेरा त्रिकाळ. वर्षातून एकदा, मोजक्या नगांत जे करायचं, ते तरी दुकानात सहजी न मिळणारं असावं.

आणि अभिजात म्हणजे नुसतं जुनं, असंही माझं म्हणणं नाही. २००२ चं .२२१ फायरबॉल १९६३ चं, मूळचं एका विचित्र पिस्तुलासाठी केलेलं. तरी मी त्याच्या बाजूने हात वर करीन, कारण त्याला दुसरं कुणी विचारत नव्हतं. २००३ चं .३०० सॅव्हेज, २००४ चं ८×५७, हेही तसेच. एका कॅलिबरची नवी रायफल निघाली की त्याची काडतुसं पुन्हा थोडी विकली जातात. ती विकली गेली की कारखाना ती भरत राहतो. तो भरत राहिला तरच कुणाच्या तरी आजोबांची कपाटातली रायफल ही रायफल राहते. नाहीतर तिची काठी होते. नव्या रायफलने जुन्या रायफलींना अन्न मिळवून द्यायचं, हा त्या मालिकेचा खरा धर्म होता. .३०८ ला अन्न मिळवून देणं म्हणजे लग्नात नवरदेवाच्या मामाला अन्नछत्रात बसवणं.

३ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून या शब्दाबद्दल मी जरा हळवा झालो आहे. कुणीही तो कशावरही चिकटवला की माझा चाप ओढला जातो. हल्ली जुन्या वळणाच्या मर्यादित रायफली पुन्हा निघतात आणि त्यांच्या पोटात हटकून ६.५ क्रीडमोर घालतात. काडतूस गुणी आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण ते २००७ च्या आसपासचं, आणि ते करतं त्यातलं बहुतेक काम स्वीडिश ६.५×५५ १८९० च्या दशकापासून गवगवा न करता करीत आलेलं आहे.

इलियनचा तो जुना कारखाना २०२४ साली बंद पडला. मागे राहिल्या त्या पंचवीस वर्षांच्या पंचवीस तऱ्हा. मेहुण्यांना मी कळवून ठेवलं आहे, १९८१ ची ७×५७ कुठे जुन्या बाजारात दिसली तर घे, आणि ती मॅग्नम विकून टाक. त्यांचं उत्तर आलं : “विचार करतो. हल्ली खांदा जरा दुखतो.”

हरणांच्या वतीने मी त्या खांद्याचा आभारी आहे.