वेळापत्रकातली म्हातारपणं

"आपल्यात वृद्धाश्रम नसतात," असं आपण छातीठोकपणे सांगतो. माझ्या शाळेतल्या निवृत्त आपा वर्षभर तिथेच आहेत. फजरला उठतात, चहा मात्र साडेसातलाच. वजूला पाणी मागितलं तर उत्तर येतं, "आजी, झोपा!" पिढ्या शिकवलेल्या बाईंना आता नाव नाही, खाट नंबर आहे.

अमेरिकेत टुपेलो गावी २००३ मध्ये दहा-दहा जणांची घरं उभी राहिली. ज्याची त्याला खोली, मध्ये स्वयंपाकघर, सगळ्यांना एकच टेबल, उठायची वेळ ज्याची त्याची. त्याला पैसा लागतो, मान्य. पण पहाटेचा कपभर चहा आणि नावाने हाक मारायला किती लागतो?

संचालकांनो, घंटा शाळेत शोभते. आणि आपण? ईदला तरी आपांना घरी आणलं का?