चुकलं कुठं? तीन वर्तुळांना विचारा!

दोस्तांनो, आधी हे वाक्य वाचा : 'आपला सामना येत्या सोमवरी सकळी सात वाजता आहे.'

वाचलंत? सामना कधी आहे? सोमवारी सकाळी! वाक्यात दोन चुका होत्या, पण तुम्ही त्या मनातल्या मनात दुरुस्त केल्यात आणि पुढे गेलात. कुणालाही विचारावं लागलं नाही.

आता हा दुसरा निरोप बघा : 'आमच्या विजेच्या मीटरचं रीडिंग ४८८१ आहे.'

यात काही चूक दिसते? नाही ना? पण समजा, खरा आकडा होता ४३८१. वाटेत ३ चा ८ झाला. नुसत्या एका अंकानं ५०० युनिट वाढली! घरी येणारं बिल पाहून बाबांचा चेहरा कसा होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

गंमत बघा. पहिल्या निरोपात दोन चुका होत्या, तरी बिघडलं काही नाही. दुसऱ्यात एकच चूक होती आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही. असं का व्हावं?

कारण सोपं आहे. अक्षरं कशीही जुळवली तर शब्द होत नाही. 'सोमवर' नावाचा वारच नाही. त्याच्या सर्वांत जवळचा खरा वार म्हणजे सोमवार. म्हणून चूक दिसते आणि दुरुस्तही करता येते. आकड्यांचं तसं नाही. ४३८१ ही संख्या आहे, तशी ४८८१ हीसुद्धा संख्याच आहे. अंक कसेही मांडा, काहीतरी संख्या होतेच!

मग आकड्यांनाही 'चुकीचं स्पेलिंग' देता आलं तर? म्हणजे काही जुळण्या 'खऱ्या' आणि बाकीच्या 'खोट्या' असं आधीच ठरवून टाकलं तर? चूक सुधारणाऱ्या संकेतांची सगळी इमारत या एका कल्पनेवर उभी आहे.

एक तपासनीस

संगणक सगळे निरोप ० आणि १ या दोनच चिन्हांत लिहितो, हे तुम्हाला माहीत आहेच. अशा एकेका चिन्हाला 'बिट' म्हणतात. समजा, आपल्याला १०११ हे चार बिट पाठवायचे आहेत. त्यात १ किती वेळा आला? तीन वेळा. तीन ही विषम संख्या. आपण शेवटी आणखी एक १ जोडू : १०१११. आता १ चार वेळा आला, म्हणजे सम. नियम असा की पाठवलेल्या प्रत्येक गटात १ ची संख्या सम हवी. हा पाचवा बिट म्हणजे आपला तपासनीस.

वाटेत एखाद्या ० चा १ झाला किंवा १ चा ० झाला, तर लगेच संख्या विषम होते. पलीकडचा ओरडतो, 'चूक आहे, पुन्हा पाठवा!' पण चूक नेमकी कुठल्या बिटात आहे, हे काही या तपासनिसाला सांगता येत नाही. वर्गात आवाज झाला हे मास्तरांना कळतं, पण केला कुणी ते कळत नाही, तसंच!

वाया गेलेले शनिवार-रविवार

१९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणितज्ञ काम करत होते. तिथला संगणक खोलीभर पसरलेला होता. त्यात सुमारे ९००० रिले होते. रिले म्हणजे विजेनं खटखट उघड-बंद होणारी बटणं. हॅमिंग यांना हा संगणक शनिवार-रविवारीच वापरायला मिळायचा. शुक्रवारी ते गणितं लावून जायचे आणि सोमवारी उत्तरं घ्यायला यायचे.

या यंत्राला आपली चूक ओळखता येत होती. इतर दिवशी चूक झाली की माणसं धावून यायची. पण सुट्टीच्या दिवशी येणार कोण? यंत्र सरळ ते गणित सोडून द्यायचं आणि पुढचं घ्यायचं. लागोपाठ दोन आठवडे असंच झालं. सोमवारी हॅमिंग येऊन बघतात, तर आपलं गणित अर्धवट टाकलेलं!

दुसरा कुणी असता तर चरफडून गप्प बसला असता. हॅमिंगही चरफडले, पण त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला. यंत्राला चूक झाली हे कळतं, तर ती कुठं झाली हे का कळू नये? आणि जागा कळली तर दुरुस्ती कितीशी अवघड? जिथं ० आहे तिथं १ करायचा, नाहीतर १ आहे तिथं ०. तिसरी शक्यताच नाही!

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शोधून काढलं. त्यांचे सहकारी क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्याचं उदाहरणही दिलं. हॅमिंग यांचा स्वतःचा लेख १९५० मध्ये आला.

कागद-पेन्सिल घ्या

हॅमिंग यांची युक्ती समजायला तीन वर्तुळं पुरतात. कच्च्या वहीत एकमेकांवर चढलेली तीन मोठी वर्तुळं काढा : लाल, निळं आणि हिरवं. नीट काढलीत तर सात घरं मिळतील. एक घर मधोमध, तिन्ही वर्तुळांत असलेलं. तीन घरं दोन-दोन वर्तुळांत असलेली. आणि उरलेली तीन एकेकट्या वर्तुळातली.

आपला निरोप आहे १०११. तो असा भरा :

मधलं घर – १
लाल-निळं घर – ०
निळं-हिरवं घर – १
हिरवं-लाल घर – १

उरली तीन एकटी घरं. तिथं बसणार तीन तपासनीस. नियम तोच : प्रत्येक वर्तुळात १ ची संख्या सम हवी. लाल वर्तुळात १, ०, १ आहेत, म्हणजे दोन वेळा १. सम आहे, तेव्हा लाल तपासनीस ०. निळ्यात १, ०, १. निळा तपासनीसही ०. हिरव्यात १, १, १, म्हणजे तीन वेळा; हिरवा तपासनीस १. झाले सात बिट तयार!

आता गंमत करू. निळ्या-हिरव्या घरातला १ खोडून तिथं ० लिहा. समजा, ही वाटेत झालेली चूक. पलीकडचा माणूस तिन्ही वर्तुळं मोजतो. लाल : सम, तक्रार नाही. निळं : विषम, तक्रार! हिरवं : विषम, तक्रार! म्हणजे चोर निळ्यात आहे, हिरव्यात आहे, पण लालमध्ये नाही. असं घर एकच. सापडला की नाही!

तिन्ही वर्तुळांनी तक्रार केली तर चूक मधल्या घरात. एकाच वर्तुळानं तक्रार केली तर खुद्द तपासनीसच चुकलेला! तीन वर्तुळांची 'हो' किंवा 'नाही' अशी आठ प्रकारची उत्तरं येऊ शकतात. सात उत्तरं सात घरांची आणि आठवं म्हणजे 'सगळं ठीक'. एकही उत्तर वाया जात नाही. गणित किती नेटकं असतं बघा!

मात्र एक लक्षात ठेवा. सातांपैकी दोन बिट चुकले, तर ही वर्तुळं फसतात आणि तिसऱ्याच निरपराध घराकडे बोट दाखवतात.

विजेच्या तारेतून निरोप

आता पुन्हा मीटरकडे वळू. फ्रान्समध्ये २०१५ च्या अखेरीपासून घरोघर 'लिंकी' नावाचे मीटर बसवले गेले, सुमारे साडेतीन कोटी! त्यांचं रीडिंग घ्यायला कुणी दारावर येत नाही. मीटर आपला आकडा विजेच्याच तारेतून गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीकडे पाठवतो. तिथून तो मोबाइलच्या जाळ्यातून वीज कंपनीकडे जातो.

एकाच तारेत वीज आणि निरोप? हो! तबल्याचा घुमारा आणि बासरीचा स्वर एकाच हवेतून येतात, तरी कान ते वेगळे ओळखतो ना? घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. लिंकीच्या निरोपाची लहर सेकंदाला सुमारे ३६ हजार ते ९१ हजार वेळा हेलकावते. तेव्हा दोन्ही वेगळ्या काढता येतात. ही युक्ती जुनीच आहे. आपल्याकडेही उच्च दाबाच्या तारांवरून एका वीज उपकेंद्रातून दुसऱ्याशी बोलायला ती अनेक वर्षं वापरली गेली. उपकेंद्राजवळून जाताना तारेला लटकलेली पिंपासारखी मोठी गुंडाळी दिसली, तर ओळखा : ती विजेला जाऊ देते आणि निरोपाला अडवते. (आपल्याकडचे अनेक नवे स्मार्ट मीटर मात्र मोबाइलचं जाळं किंवा रेडिओ लहरी वापरतात.)

अडचण एकच, तारेत गोंगाट फार! मिक्सर फिरला, ड्रिल सुरू झालं, की त्यांच्या मोटारीतल्या ठिणग्यांचा खडखडाट तारेत शिरतो. तो एखादाच बिट बिघडवत नाही, ओळीनं कितीतरी बिट पुसून टाकतो. मग आपली बिचारी वर्तुळं काय करणार?

आडवं लिहा, उभं पाठवा

यावर एक सुरेख तोड आहे. समजा, चार सामन्यांचे वार कळवायचे आहेत. ते एकाखाली एक लिहा :

गु – रु – वा – र
र – वि – वा – र
बु – ध – वा – र
सो – म – वा – र

सरळ ओळीनं पाठवले आणि खडखडाटानं सलग चार अक्षरं खाल्ली, तर एखादा वार पुरता नाहीसा होईल. म्हणून उभं पाठवायचं : आधी 'गु र बु सो', मग 'रु वि ध म', मग चार 'वा', मग चार 'र'. आता सलग चार अक्षरं गेली, समजा 'रु वि ध म' गेली, तर काय उरेल? गु-वार, र-वार, बु-वार, सो-वार. वाचता येतात की नाही? मोठा घाव चौघांत वाटला गेला आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेली छोटी जखम भरून निघाली.

लिंकीचा निरोप असाच विखरून पाठवतात. त्यावर हॅमिंगपेक्षा तगडे संकेतही असतात. त्यांतला एक अमेरिकेच्या रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये शोधला. गोंगाट फारच असला तर तोच बिट चार-चार वेळा पाठवण्याचीही सोय असते. निरोप हळू जातो, पण नीट जातो. चूक सुधारायची तर अशी किंमत मोजावीच लागते. आपल्या सात बिटांतही निरोपाचे चारच होते, नाही का?

त्याच १९६० साली आपल्या राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी एकाहून जास्त चुका सुधारणाऱ्या संकेतांचं मोठं घराणं शोधलं. फ्रान्सचे ऑकेंगेम वेगळ्या वाटेनं वर्षभर आधी तिथंच पोहोचले होते. म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'बीसीएच' संकेत म्हणतात. आज भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड थोडा फाटला, चिखलानं माखला, तरी पैसे बरोबर जागी जातात. ती करामत याच घराण्याची!

माणूस काय, यंत्र काय, चुकणारच. हॅमिंग यांनी 'चूक होऊच नये' असा हट्ट धरला नाही. चूक झाली तरी ती सापडेल, अशी निरोपाची मांडणी केली. उद्या गणिताच्या पेपरात उत्तराचा ताळा करून पाहाल, तेव्हा तुम्हीही एक तपासनीसच नेमत असाल!

डोकं चालवा

वर्तुळं काढा आणि चुकलेलं घर शोधा. क्रम असा : मधलं, लाल-निळं, निळं-हिरवं, हिरवं-लाल, मग लाल, निळा, हिरवा तपासनीस.

(१) ०, १, १, ०, १, १, १
(२) १, १, ०, १, ०, १, १

आणि हो, हा खेळ कागदावरच बरं का! प्लगमध्ये किंवा मीटरमध्ये बोट, तार, पिन काहीही घालायचं नाही.

उत्तरं : (१) निळा तपासनीस चुकला, तिथं ० हवा. (२) मधलं घर चुकलं, तिथं ० हवा.