ग्रासाच्छादन नव्हे, वांटा

अपंगांविषयीं आपल्या सुशिक्षित समाजाच्या मनांत दया नाहीं, असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. दया उदंड आहे. दरवर्षीं ३ डिसेंबरला तिला भरती येते. तीनचाकी सायकली वांटल्या जातात, घेणारा खालीं बसलेला आणि देणारे भोंवतीं उभे अशीं छायाचित्रें निघतात, आणि ४ डिसेंबरला सर्व मंडळी आपापल्या कामाला लागतात. आमचें म्हणणें असें कीं, ही दयाच अपंगांच्या वाटेंतील मोठी धोंड होऊन बसली आहे; आणि तिचें मूळ पाहावयाचें असेल तर तें आपल्या जुन्या दायविभागांत स्पष्ट लिहिलेलें सांपडतें.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक, इंद्रियविकल इत्यादिकांना पितृधनांत अंश नाहीं, असें सांगितलें आहे. लगेच पुढें असेंही सांगितलें आहे कीं, त्यांना यथाशक्ति ग्रासाच्छादन, म्हणजे जन्मभर अन्नवस्त्र, द्यावें. न देणारा पतित होतो. स्मृतिकार निर्दय होता, असें यावरून म्हणतां येणार नाहीं. त्यानें अपंगाला उपाशी ठेवलें नाहीं. त्यानें त्याचा हक्क तेवढा काढून घेतला आणि त्या जागीं दुसऱ्याचें पुण्य ठेवलें. ज्याला हक्क आहे तो हिशेब विचारूं शकतो. जो दुसऱ्याच्या पुण्यावर जगतो त्याला देणाराचा चेहरा वाचून मग तोंड उघडावें लागतें. भेद आहे तो एवढाच, पण सबंध आयुष्य त्यांत येतें.

मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंपुरती ही अपात्रता १९२८ सालच्या कायद्यानें बव्हंशीं रद्द झाली. जन्मापासून वेडा वा जड असलेल्यांचा अपवाद मात्र तेव्हां राहिला होता. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें रोग, व्यंग किंवा वैगुण्य या कारणानें कोणाचाही वारसा बुडणार नाहीं, असें ठरवून तोही पुसून टाकला. कायद्याच्या पुस्तकांतून मनु गेला. पण आमच्या माजघरांतून तो गेला आहे काय? वडील वारल्यावर पायानें अधू असलेल्या बहिणीपुढें हक्कसोडपत्राचा कागद ठेवतांना जें बोललें जातें तें वाचकांनीं आपापल्या आप्तवर्गांत ऐकलें असेल: "तुला काय करायची आहे जागा? आम्ही आहोंतच ना सांभाळायला!" बोलणारा भाऊ दुष्ट नसतो, पुढें तो तिला सांभाळतोही. तरी सही झाली कीं, काल जी घराची वांटेकरीण होती ती आज त्याच घरांत पाहुणी होते. अंश गेला, ग्रासाच्छादन उरलें.

जें घरांत, तेंच राज्यांत. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा अपंगांकरितां राखल्या. २०१६ च्या कायद्यानें त्या ४ टक्के केल्या, सात प्रकारच्या अपंगत्वांच्या जागीं एकवीस मानले, आणि अस्तित्वांत असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पांच वर्षांत सुगम करण्याचें बंधन घातलें. नियम २०१७ सालीं झाले. मुदत २०२२ सालीं संपली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाला सांगावें लागलें कीं, सुगमतेचा जो नियम सरकारनें केला तो मूळ कायद्याशींच विसंगत आहे. कायदा सक्ति करतो आणि नियम नुसती शिफारस! विधिमंडळानें जो अंश दिला तो नियम लिहिणारांनीं हळूच ग्रासाच्छादनावर आणून ठेवला. त्यांत त्यांचा दुष्ट हेतु असेल असें आम्हांस वाटत नाहीं. अपंगासाठीं जें करावयाचें तें सवडीनें व खुषीनें करावयाचें असतें, ही आपली पिढीजात समजूतच त्यांच्या लेखणींतून उतरली.

यावर आपले व्यवहारी मित्र म्हणतील, "तुमचें तत्त्व मान्य, पण हे श्रीमंत देशांचे सोहळे आहेत. आधीं सर्वांना रस्ते, पाणी, शाळा मिळूं द्या." जगांत अंदाजें १३० कोटी माणसें लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात, आणि त्यांपैकीं सुमारें ८० टक्के आपल्यासारख्या गरीब वा मध्यम प्राप्तीच्या देशांत राहतात. तेव्हां हा प्रश्न श्रीमंतांचा आहे, हें म्हणणेंच उलटें आहे. शिवाय 'सर्वांना' रस्ते आणि शाळा देतांना त्या सर्वांतून यांना वगळण्याचा अधिकार कोणी दिला? नवी शाळा बांधतांना दाराशीं पायऱ्यांबरोबर एक उतरण काढावयास फारसें द्रव्य लागत नाहीं. द्रव्य लागतें तें मागाहून भिंत फोडतांना. म्हणजे जो देश गरीब आहे त्यानेंच ही गोष्ट पहिल्या दिवशीं करावयास हवी.

गरिबीची सबब किती लंगडी आहे, हें जयपुरानें दाखविलें आहे. परदेशी नमुन्याचा कृत्रिम पाय बुटांत घालावयाचा, खुर्चीवर बसणाराचा. तो लावून उकिडवें बसतां येईना, मांडी घालतां येईना, अनवाणी चिखलांत उतरतां येईना. शेतकऱ्याला तो काय कामाचा? १९६८ च्या सुमारास शल्यविशारद डॉ. प्रमोदकरण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं रबर व लांकूड यांचा असा पाय घडविला कीं, तो लावून माणूस शेतांत चालूं लागला, जमिनीवर बसूं लागला. पुढें अफगाणिस्तानांत सुरुंगांनीं पाय गमावलेल्यांनाही तो उपयोगी पडला. येथें पैशाचें मोठें बळ नव्हतें. या माणसाला कसें जगावयाचें आहे, हा प्रश्न विचारला गेला, एवढेंच. दया हा प्रश्न विचारीत नाहीं. ती स्वतःच ठरवून मोकळी होते.

"पण असे लोक आहेत तरी किती?" ही दुसरी शंका. २०११ च्या खानेसुमारींत त्यांची संख्या २ कोटि ६८ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के भरली. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाविषयींचा अंदाज १६ टक्क्यांचा आहे. व्याख्यांचा फरक वजा घातला तरी एवढी तफावत सांगते कीं, मोजणारा दाराशीं आला तेव्हां पुष्कळ माणसें आंतल्या खोलींत राहिलीं. आमच्या गृहरचना संस्थांच्या सभांतून हाच युक्तिवाद चालतो: चाकाची खुर्ची कोणी वापरीत नाहीं, मग उतरण कशाला? लिफ्ट सहा पायऱ्या चढून गेल्यावर लागते, म्हणून खुर्ची येत नाहीं. आणि खुर्ची दिसत नाहीं, म्हणून पायऱ्या राहतात! म्हातारपणीं या सहा पायऱ्या सभेंत हात वर करणारांनाही भेटणार आहेत, हें त्या वेळीं कोणास आठवत नाहीं.

२०१५ च्या डिसेंबरांत पंतप्रधानांनीं 'दिव्यांग' हा शब्द सुचविला व तो रूढही झाला. सुचविणाराच्या सद्भावाविषयीं आमचा वाद नाहीं; पण अपंगांच्याच अनेक संघटनांनीं त्यास हरकत घेतली, ती विचार करण्याजोगी आहे. परीक्षेला लेखनिक मिळावा, बसमध्यें चढतां यावें, हें मागणाऱ्याला आपण दिव्यत्व बहाल केलें. देवत्व देऊन माणुसकी नाकारण्याची ही युक्ति या देशांतील स्त्रियांच्या परिचयाची आहे.

मग करावें काय? वरोड्याजवळ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं आरंभिलेलें आनंदवन पाहावें. ज्यांना गांवानें बाहेर घातलें त्या कुष्ठरोग्यांनीं तेथें विहिरी खणल्या, माळरान पिकविलें, आणि पुढें पंचक्रोशींतील धडधाकट मुलें शिकावयास आलीं तीं त्याच भूमीवरील महाविद्यालयांत. घेणारे कोण आणि देणारे कोण, हा हिशेब तेथें पार उलटला. कामाला वाव आणि फळांत भाग मिळाला कीं, दयेची गरज आपोआप कमी होते.

आम्ही वाचकांकडे देणगी मागत नाहीं. घरांतील अधू भावंडाचें नांव सातबाऱ्यावर आणि घराच्या कागदावर राहूं द्यावें. त्याच्या शाळेचा, नोकरीचा, लग्नाचा विचार इतरांइतक्याच गांभीर्यानें, आणि त्याला समोर बसवून करावा. संस्थेच्या पुढील सभेंत उतरणीचा ठराव मांडावा, व तो मंजूर होईपर्यंत मांडीत राहावें. एवढें ज्यांच्या घरीं घडेल त्यांनीं ३ डिसेंबरला कोठें हार घेऊन गेलें नाहीं, तरी कांहीं बिघडणार नाहीं.